अप्पा, तुमचा फोन अजून चालू आहे

अप्पा, तुमच्या मयताला तुम्ही नव्हतात, म्हणून सगळा घोळ झाला.

म्हणजे होतात, पण पेटीत. एरवी चर्चच्या मंडळीतलं कुणी गेलं की त्या घरातलं पहिलं वाक्य असायचं, ‘अप्पांना फोन लावा.’ रडणंसुद्धा त्यानंतर. पेटी कुठून आणायची, खड्डा कुणाला सांगायचा, गाडी गल्लीत शिरेल की नाही, क्रुसावर नाव कोण रंगवणार, हे विश्रांतवाडीपासून खडकीपर्यंतच्या आपल्या सगळ्या घरांत एकाच माणसाला माहीत होतं आणि नेमका तोच गेला. पप्पा तुमचे सख्खे भाऊ, जन्मभर एका घरात राहिलेले, पण पेटीवाल्याचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. कुणीतरी दुसऱ्याच कुणाचा नंबर दिला, पप्पांनी पेटी सांगितली, उंची सांगायची असते हे त्यांना सुचलंच नाही. तुमच्यासारख्या ताडमाड माणसाला आखूड पेटी आली! दुसरी येईपर्यंत अख्खी मंडळी मे महिन्याच्या उन्हात उभी. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ‘अहो, माणूस मोजून मरत नाही, पेटी मोजून करायची असते.’ हे मला पप्पांनी फोनवर सांगितलं तेव्हा मी हसले, आणि मग हसू थांबेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

मी नव्हतेच इथे. मी मलावीतल्या एका खेड्यात होते, शाळेच्या अंगणात, हातात कापडी सिंह घालून.

मी दमलेय, अप्पा. विमानातला थकवा वेगळा, तो झोपून जातो. हा जात नाही. रोज संध्याकाळी सांत्वनाला माणसं येतात आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी असते. प्रत्येक जण चप्पल काढता काढताच विचारतो, ‘कसं झालं हो?’ आणि मम्मी पुन्हा पहिल्यापासून सांगते. तुम्ही अंघोळीला गेलात, आतून विचारलंत पाणी पुरेसं तापलंय का, ती हो म्हणाली, मग बराच वेळ नुसता नळाचा आवाज येत राहिला. ती नळापाशी आली की पाहुणा ‘अरेरे’ म्हणतो, बिस्किट उचलतो. पुढचा येतो, की परत पाणी तापवण्यापासून सुरुवात. काल मी स्वयंपाकघरात जाऊन कानात बोटं घातली.

तुमचा एक नियम होता. मयताच्या घरी गेलं की कसं झालं हे विचारायचं नाही. ‘ज्याला सांगायचंय तो सांगेल. आपण काय पोलीस आहोत?’ लहानपणी तुमच्या स्कूटरवर पुढे उभी राहून मी कितीतरी मातींना आले. तुम्ही आत जायचात आणि दाराजवळची जागा धरून बसायचात. नुसते बसायचात. मला बाहेर चिक्की दिलेली असायची. मोठी झाल्यावर मी यायचं बंद केलं. अभ्यास, मग कॉलेज, मग हडपसरची नोकरी. ‘येतेस का गं?’ तुम्ही विचारायचात. ‘अप्पा, कॉल आहे,’ मी म्हणायचे. तुम्ही कधी आग्रह केला नाहीत, फक्त भुवई वर करायचात. ती भुवई मला अजिबात आवडायची नाही.

आपला वाद मात्र दुसराच होता आणि तो तुम्ही अर्धा टाकून गेलात, हे काही बरोबर केलं नाहीत. मलावीला जायचं मी पहिल्यांदा घरात सांगितलं तेव्हा तुम्ही बशीत चहा ओतत होतात.

“कुठे आलं हे मलावी?”

“आफ्रिकेत. मिशन ट्रिप आहे, चर्चची. आम्ही सहा जण जातोय.”

“का? तिकडे येशू पोचला नाही का अजून?”

“पोचलाय हो. आपल्यापेक्षा जास्त ख्रिस्ती आहेत तिथे.”

“मग तू काय, मोजायला चाललीस?”

पप्पा हसले, मम्मी हसली, माझा तिळपापड झाला. त्या दिवसापासून तुम्ही मला रिबेका म्हणणं सोडून दिलंत. ‘काय मिशनरीबाई, आज डबा नेला नाही वाटतं?’ ‘मिशनरीबाई, गॅस बंद करा.’ माझे रजेचे अर्ज, पिवळ्या तापाची लस, कापडी बाहुल्यांचा खेळ बसवणं, सगळ्यावर तुमची एकेक कोपरखळी ठरलेली.

एकदाच तुम्ही नीट बोललात. आपण गॅलरीत होतो. तुम्ही सांगितलंत की नगरकडच्या तुमच्या गावी एक मडमबाई होत्या. त्यांना मराठी धड येत नव्हतं, उपदेश करायला उभ्या राहिल्या की पोरं तोंड दाबून हसायची. पण तुमची आई गेली तेव्हा त्या आल्या, चपला बाहेर काढल्या आणि दिवसभर उंबऱ्याशी बसून राहिल्या. एक शब्द बोलल्या नाहीत. गावातल्या वरच्या आळीचं कुणी आपल्या वस्तीत पाऊलही टाकत नसे तेव्हा. “त्यांचे सगळे उपदेश मी विसरलो,” तुम्ही म्हणालात. “ते बसणं नाही विसरलो. आमच्या घरात येशू आला तो त्या बसण्यातून आला, रिबू. तुला ते जमतंय का बघ आधी. इथे, या गल्लीत. मग जा आफ्रिकेत.”

आणि मी म्हणाले, “पण अप्पा, त्याही बोटीतून आल्याच होत्या ना? त्यांच्या घरच्यांनी आधी आपली गल्ली बघ म्हटलं असतं तर तुमच्या उंबऱ्याशी कोण बसलं असतं?”

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मग रस्त्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, “हं.”

त्या ‘हं’ला उत्तर म्हणत नाहीत, अप्पा. मी वाट बघत होते. मला वाटलं विचार करताय, दोन-चार दिवसांनी काहीतरी खवचट घेऊन याल. मग निघायची गडबड झाली आणि मला वाटलं, आल्यावर बघू.

निघण्याआधीच्या रविवारी आम्हा सहा जणांना वेदीपुढे गुडघ्यावर बसवून सगळ्या मंडळीने हात ठेवून प्रार्थना केली. पप्पांचा हात माझ्या डोक्यावर होता, मम्मीचा खांद्यावर. मी डोळे मिटून तुमचा हात शोधत होते. तो लगेच कळतो, एवढा जड. पण तुम्ही नव्हतातच. कळस गावात कुणी म्हातारे गेले म्हणून तुम्ही सकाळीच बाहेर पडला होतात. घरी आल्यावर मी भांडले. अनोळखी माणसाच्या मातीसाठी तुम्ही माझा दिवस सोडलात, म्हणाले. तुम्ही शांतपणे बूट काढत म्हणालात, “तुझे अजून पुष्कळ दिवस आहेत. त्याचा हा शेवटचा होता.” मी दार आपटलं. तुम्हीही काही समजूत काढायला आला नाहीत. आपण दोघेही एकाच मातीचे.

मुंबईच्या गाडीत सामानच इतकं होतं की तुम्हाला जागा नव्हती. तुम्ही फाटकात उभे राहिलात. मी काच खाली केली. मला वाटलं आता काहीतरी गोड बोलाल. तुम्ही वाकून म्हणालात, “कुणाच्या घरी गेलीस तर आधी बस. लगेच सुरू होऊ नकोस.” आणि गाडीच्या टपावर थाप मारलीत, निघा म्हणून.

तिथे पहिल्याच दिवशी काय झालं सांगते, तुम्हाला गुदगुल्या होतील. आम्ही सगळे एकसारखे पिवळे टीशर्ट घालून पहिल्या घराच्या अंगणात शिरलो. आमचा म्होरक्या सॅमदादा, त्याने उभ्या उभ्याच इंग्रजीत आपली साक्ष सुरू केली, प्रभूने त्याला कसं वाचवलं ते. दुभाषे म्हणून तिथल्या शाळेचे म्हातारे मास्तर बरोबर होते. दादा दोन वाक्यं बोलून थांबला. मास्तर गप्प. दादाला वाटलं कळलं नाही, त्याने तेच सावकाश सांगितलं. मास्तर गप्पच. शेवटी ते म्हणाले, “तुम्ही अजून आलाच नाही आहात. बसाल, ही घरची बाई तुम्हाला विचारेल कसे आहात, तुम्ही तिला विचाराल, तेव्हा तुम्ही आलात असं होईल. मग सांगतो मी काय ते.” आम्ही सहाही जण खाली मान घालून चटईवर बसलो. मला तुम्ही फाटकात वाकलेले दिसलात. खोटं कशाला बोलू, रागच आला. सात समुद्र ओलांडले तरी हा माणूस काही पाठ सोडत नाही!

ते घर अमाई लव्हनेसचं होतं. अमाई म्हणजे बाई, आई, मावशी, सगळंच. माझी राहायची सोय तिच्याकडेच होती. मक्याचं पीक नुकतंच निघालं होतं, अंगणभर कणसं वाळत होती. मक्याच्या पिठाची पांढरी घट्ट उकड आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी, दोन्ही वेळेला तेच. तुम्ही म्हणाला असतात, लसूण कुठाय?

पप्पांचा फोन आला त्या सकाळी मी शाळेमागच्या वारुळापाशी उभी होते, तेवढ्याच जागी रेंज यायची. पप्पा म्हणाले, “अप्पा गेले, बाळा.” मग म्हणाले, “येऊ नकोस, पोचणार नाहीस. संध्याकाळी माती आहे.” मी ‘बरं’ म्हणाले. दुसरं काय म्हणणार? सॅमदादाने माझ्यासाठी प्रार्थना केली, चांगली केली. मग अवघडून म्हणाला, “रिबेका, मुलं जमलीत. जमेल का तुला?” मी म्हणाले जमेल. ऑफिसात म्हणतो ना आपण, तसं. आणि मी कापडी सिंह हातात चढवला आणि बायबलातली दानिएलाची गोष्ट सुरू केली. सिंहाने तोंड उघडायचं आणि दानिएलाला खायचं नाही, एवढंच काम. मुलं हसत होती. माझा सिंह तोंड मिटेना.

अमाई कुंपणाशी उभी राहून बघत होती. तिने मास्तरांना काही विचारलं. मास्तरांनी सॅमदादाला विचारलं. मग ती सरळ मुलांमधून चालत आली, माझ्या हातातला सिंह काढला आणि मास्तरांच्या हातात दिला. स्वतःच्या कमरेचं एक जादा कापड सोडून माझ्या कमरेला गुंडाळलं. तिथल्या बायका मयताला जाताना असं कापड बांधतात. मला हाताला धरून घरी नेलं, आतल्या चटईवर बसवलं आणि शेजारी बसली.

मग बायका यायला लागल्या. एकेक जण वाडग्यात मक्याचं पीठ घेऊन यायची, दाराशी कोपऱ्यात पीठ ओतायची, ‘पेपानी’ म्हणायची आणि बसायची. पेपानी म्हणजे वाईट वाटलं, एवढंच. बाहेर मास्तर आणि चार पुरुष भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी तुम्हाला पाहिलेलं नव्हतं. पुणे कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. पीठ वाढत गेलं. मी उगीच बोलायला गेले, थँक यू, इतका त्रास कशाला, तर अमाईने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मी गप्प झाले. कसं झालं हे कुणी विचारलं नाही, अप्पा. एकीनेही नाही. एका म्हातारीने फक्त तुमचं नाव विचारलं. मी म्हणाले, अप्पा. त्यांनी एक गाणं म्हटलं, त्यात मधूनच तुमचं नाव यायचं, ‘आपा, आपा’ असं. तेव्हा मी रडले. इकडे तुम्ही दुसऱ्या पेटीची वाट बघत होतात आणि तिकडे तुमच्या नावाने अख्ख्या गावाची उकड शिजत होती.

पण म्हणून तुम्ही जिंकलात असं समजू नका हं. मी गेलेच नसते तर हे मला कळलं नसतं. तुम्ही मला गल्लीत बसायला सांगत होतात, आणि मला बसवलं ते तिकडच्या बायकांनी. म्हणजे वाद आहे तिथेच आहे, आणि उत्तर द्यायची पाळी अजून तुमचीच आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या जाण्याने कायमची बिघडली. ती सांगायला जीभ वळत नाही. तुम्हाला काकूच्याच कबरीत ठेवायचं होतं. सगळ्यांना सांगून ठेवलं होतं तुम्ही. पण काकूचा लाकडी क्रूस कधीचा कुजून गेलेला. पप्पांनी किती वेळा म्हटलं, दगडी बसवू, तर तुमचं आपलं, ‘मला ठाऊक आहे ना जागा, मग पाटी कुणासाठी?’ घ्या आता! तुम्हाला ठाऊक होती, आणि राखणदार गावी गेलेला. पप्पा उन्हात तासभर फिरले, सापडली नाही. शेवटी भिंतीकडेला जिथे मोकळं होतं तिथे खड्डा घेतला.

मला माहीत होती, अप्पा. पाण्याच्या टाकीमागे, करंजाच्या झाडाखाली. तिथेच बसून मी चिक्की खायचे आणि तुम्ही तण उपटायचात. पप्पांनी फोनवर एवढं एकच विचारलं असतं तर मी आफ्रिकेतून सांगितलं असतं. त्यांना सुचलं नाही की मला माहीत असेल. कसं सुचणार? मी कुठे जात होते कुणाच्या मातीला?

आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी गेले होते. तुमच्यावरची फुलं पार वाळली होती. मग टाकीमागे गेले, काकूपाशी बसले. तिथून तुमची भिंत दिसते. मधे खूप कबरी आहेत. एकेक नाव वाचत परत आले, तर बहुतेक सगळ्यांना तुम्हीच पोचवलेलं. म्हटलं, चला, काकूकडे जायचं तर सगळी वाट ओळखीतूनच आहे. स्वतःच्याच विनोदाने मला भडभडून आलं.

तुमचा फोन फ्रिजवर चार्जिंगला लावलेला असतो. अजून वाजतो. ज्यांना कळलेलं नाही ते करतात. पप्पा उचलतात, ‘अप्पा नाहीत’ म्हणतात, आणि मग बराच वेळ फ्रिजला टेकून उभे राहतात. परवा म्हणाले, “बंद करून टाकू नंबर. रविवार होऊ दे.” रविवारी चर्चमध्ये माझी साक्ष होती. पाळकसाहेबांनी सांगितलं होतं, फोटो आण, पडद्यावर दाखवू, तरुणांना स्फूर्ती मिळेल. माझ्याकडे फोटो पुष्कळ होते. सिंहाचे, पिवळ्या टीशर्टांचे. पिठाचा एकही नव्हता. काय बोलणार होते देव जाणे.

आज तो रविवार. मी साडी नेसून तयार, पप्पा मोजे शोधतायत, आणि फ्रिजवर फोन वाजला. पप्पा जागचे हलले नाहीत. मी उचलला.

“अप्पा?” मुलीचा आवाज होता. “अप्पा, धानोरीहून बोलतेय. आई गेली हो. घरात मी एकटीच आहे. मला काही सुचत नाहीये.”

मी तोंड उघडलं ते ‘अप्पा नाहीत’ म्हणायला. तेही म्हणाले. पण पुढे म्हणाले, “मी त्यांची पुतणी. पत्ता सांगा, मी येते.” आणि मग, अप्पा, मी काय विचारलं माहितेय? “आईंची उंची किती होती?”

तुमच्या फोनमध्ये माणसांची नावंच नाहीत. पेटी. खड्डा. गाडी. बर्फ. मी ‘पेटी’ला फोन लावला, उंची सांगितली. पलीकडचा माणूस म्हणाला, “अप्पांकडून का? मग होऊन जाईल.” सॅमदादाला कळवलं, साक्ष होणार नाही. पप्पा बघत राहिले. मग आत जाऊन स्कूटरची किल्ली घेऊन आले, तुमच्या.

दुसऱ्या मजल्यावर घर होतं, दार उघडंच. मुलगी माझ्याच वयाची. केस विंचरलेले नाहीत, एक पाय दुमडून आईशेजारी जमिनीवर बसलेली. मी चपला काढल्या. आधी बसले.

अप्पा, किती काय काय तोंडाशी आलं होतं. माझंही माणूस आत्ताच गेलंय, मी लांब होते, मी समजू शकते. सगळं गिळलं. ‘कसं झालं’ हेही ओठांवर आलं होतं, इतकी सवय असते आपल्याला. नाही विचारलं. भिंतीला टेकून बसून राहिले. पाय आखडला, तो बदलला. खालून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. पर्समध्ये तुमचा फोन थरथरला आणि थांबला.

मग तिने आईच्या पायावरची चादर सारखी केली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाली, “काल संध्याकाळी तिने भाकरी मागितली होती.”